ज्युनो-१०६ : दर सहावा सूर गायब होतो, तेव्हा काय तपासायचं आणि काय करायचं

कॉर्ड (एकत्र दाबलेले अनेक सूर) धरली की एक सूर कमी ऐकू येतो. एकेक पट्टी दाबत वर गेलं तर पाच सूर नीट लागतात, सहावा मुका. पुन्हा पाच नीट, पुन्हा सहावा मुका. काही वाद्यांत तो सहावा सूर मुका नसतो, पण चुरचुरतो, फाटतो किंवा इतरांपेक्षा निम्म्याच आवाजात लागतो. काहींत पट्टी सोडल्यावरही मागे बारीक गुणगुण चालूच राहते आणि वाद्य बंद केल्याशिवाय ती थांबत नाही. सकाळी वाद्य लावलं की सगळं ठीक आणि तासाभराने बिघाड, असंही होतं. रोलँड ज्युनो-१०६ हा जुना सिंथेसायझर बाळगणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी यातल्या एखाद्या लक्षणाला सामोरं जावं लागतं. दुरुस्त केल्यावर काही महिन्यांनी शेजारचा व्हॉइस (एका वेळी एक सूर वाजवणारं सर्किट) तसाच वागू लागतो, म्हणून हा दोष पाठ सोडत नाही असं वाटतं.

हा दोष ओळखता येतो आणि दुरुस्तही होतो. मात्र ओळखण्याआधी सोल्डरिंग आयर्न तापवू नका. १०६ मधली जी नुकसानं भरून येत नाहीत, त्यातली बरीचशी मूळ दोषामुळे झालेली नसतात. अंदाजाने चिप उपटताना पीसीबीवरचे (आतल्या सर्किट बोर्डावरचे) तांब्याचे पट्टे उखडतात आणि त्याने ती होतात.

वाद्याची रचना

ज्युनो-१०६ हा १९८४ साली आलेला सहा व्हॉइसचा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर. त्याच्या आधी, १९८२ मध्ये, ज्युनो-६ आणि ज्युनो-६० आले होते. १०६ मध्ये १२८ पॅच (स्लायडरच्या मांडणीतून घडवलेले आवाज) साठवता येतात, ६१ पट्ट्या आहेत आणि त्या वेळी अगदी नवी असलेली मिडीची (वाद्यं एकमेकांना जोडायची) सोय आहे. पण लोक आजही याच्या मागे आहेत त्याचं कारण त्याच्या पॅनेलवर दिसतं. प्रत्येक कामाला एक स्वतंत्र स्लायडर आहे. डावीकडून उजवीकडे एलएफओ (आवाजाला संथ हेलकावे देणारा), डीसीओ (सूर तयार करणारा ऑसिलेटर), एचपीएफ (खालचा, घुमणारा भाग गाळणारा फिल्टर), व्हीसीएफ (मुख्य फिल्टर), व्हीसीए (आवाज लहानमोठा करणारा), एन्व्हलप (सूर कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा), कोरस (आवाज पसरवणारा). आत दडलेले मेनू नाहीत, एका बटणावर दोन कामं नाहीत. सिंथेसायझर म्हणजे काय हे ज्याला शिकायचं आहे, त्याच्यासाठी माझ्या मते याच्याइतकं सरळ वाद्य दुसरं नाही. एक संध्याकाळ हे स्लायडर वरखाली करत बसलं की अ‍ॅनालॉग आवाज कसा घडतो ते कानाला कळतं.

दोष शोधायला ही रचना थोडी खोलात समजून घ्यावी लागेल, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावरच उभी आहे.

सहा व्हॉइस म्हणजे एकसारखी सहा सर्किटं शेजारी शेजारी. प्रत्येकाला स्वतःचा ऑसिलेटर, स्वतःचा फिल्टर, स्वतःचा व्हीसीए. ऑसिलेटर डीसीओ प्रकारचा आहे. लहर अ‍ॅनालॉग सर्किटातच तयार होते, पण ती कोणत्या क्षणी पुन्हा सुरू करायची हे डिजिटल काउंटर ठरवतो. या कामाला ८२५३ नावाचे दोन टायमर आयसी (चिपा) आहेत आणि प्रत्येकात तीन काउंटर, म्हणजे बरोबर सहा व्हॉइस. त्यामुळे जुन्या व्हीसीओवाल्या (व्होल्टेजवर सूर ठरणाऱ्या) वाद्यांसारखा १०६ चा सूर तापमानाबरोबर सरकत नाही. एखादा सूर बेसूर लागला तर ‘वाद्य तापलं असेल’ हे कारण इथे चालत नाही, हे लक्षात ठेवा.

एन्व्हलपसाठी १०६ मध्ये वेगळं अ‍ॅनालॉग सर्किट नाही, प्रोसेसरच ते आकडेमोडीने काढतो. एचपीएफ पॅनेलवर व्हीसीएफच्या आधी छापलेला असला तरी आतमध्ये तो सहाही व्हॉइस एकत्र मिसळल्यावर येतो. कोरसही तसाच, सगळ्यांना सामाईक. म्हणजे सहापैकी एकच व्हॉइस बिघडला असेल तर एचपीएफ, कोरस, आउटपुट जॅक आणि केबल यांच्यावर संशय घ्यायचं कारणच नाही. सहाही व्हॉइस सारखेच बिघडले असतील तर मात्र एकेका व्हॉइसची चिप तपासण्यात वेळ घालवू नका. आधी पॉवर सप्लाय बघा : अधिक १५, उणे १५ आणि अधिक ५ व्होल्ट नीट येतायत का? एकदम तीन व्हॉइस गेले असतील तर तीन वेगवेगळ्या चिपा एकाच दिवशी मरण्यापेक्षा त्यांच्यात सामाईक असलेला टायमर किंवा त्याची वाट बिघडलेली असण्याची शक्यता जास्त.

मूळ कुठे आहे

ज्युनो-६० मध्ये फिल्टरसाठी आयआर३१०९ आणि व्हीसीएसाठी बीए६६२ हे आयसी उघडे बसवलेले होते. १०६ मध्ये रोलँडने हेच काम जागा आणि खर्च वाचवण्यासाठी एका छोट्या उभ्या बोर्डावर आणलं. नखाएवढे भाग, एका ओळीत पाय, आणि सगळ्यावर काळ्या इपॉक्सीचा जाड थर. या एककावर ८००१७ए असं छापलेलं असतं आणि प्रत्येक व्हॉइसला एक, अशी सहा असतात. फिल्टर आणि व्हीसीए दोन्ही त्याच्यातच. लहर तयार करणारी चिप वेगळी, एमसी५५३४ए. तीही अशीच काळ्या थरात गुंडाळलेली आणि तीही जाते, पण ८००१७ए इतकी सर्रास नाही.

दोष त्या काळ्या थराशी निगडित आहे. वर्षं सरतात तसा तो थर आतल्या नाजूक जोडांमध्ये नको तिथून वीज झिरपू देतो. व्हीसीए बंद असायला हवा तिथे थोडा उघडा राहतो, मग गुणगुण ऐकू येते. फिल्टरला मिळणारं व्होल्टेज वाटेत गळतं, मग तो व्हॉइस बंद डब्यातून आल्यासारखा दबका लागतो किंवा लागतच नाही. गळती तापमानाप्रमाणे कमीजास्त होते, म्हणून ‘सकाळी ठीक, दुपारी बिघाड’ हा प्रकार. ज्युनो-६० मध्ये हे दुखणं आढळत नाही, कारण त्याच्या चिपांवर हा थरच नाही.

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांकडून पावसाळ्यात अशा तक्रारी आल्या की दमट हवेला दोष दिला जातो. स्लायडरमधली खरखर आणि पट्ट्यांखालच्या संपर्कांचा मळ यांच्याबाबतीत ते खरं आहे. पण ८००१७ए चं मरण जगभरातल्या कोरड्या हवेतल्या वाद्यांतही असंच येतं. नुसत्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून ते टळेल असं धरून चालू नका.

पहिली तपासणी : दोष पट्टीवर थांबतो की फिरतो

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि तिला वाद्य उघडावंही लागत नाही.

पॉली १ चं बटण दाबा. या पद्धतीत तुम्ही नवी पट्टी दाबली की वाद्य पुढचा व्हॉइस देतं, सहा झाले की पुन्हा पहिला. पॉली २ मध्ये व्हॉइस वाटायचा नियम वेगळा आहे, म्हणून तपासताना पॉली १ च ठेवा. एक साधा पॅच घ्या. सॉ (करवतीच्या दात्यांसारखी) लहर चालू, फिल्टर पूर्ण उघडा, रेझोनन्स (फिल्टरच्या कडेला दिलेला जोर) शून्य, एलएफओ शून्य, कोरस बंद, व्हीसीए गेटवर, म्हणजे पट्टी दाबलेली असेपर्यंत आवाज सारखा. आता मधल्या सप्तकातल्या सात-आठ पट्ट्या एकामागून एक दाबा आणि तेच पुन्हा पुन्हा करा.

बिघडलेला सूर प्रत्येक फेरीत त्याच पट्टीवर येत असेल, म्हणजे समजा फक्त वरचा फा-च लागत नसेल, तर चिपांना हात लावू नका. ती पट्टी वाजत नाहीये. तिच्याखाली रबराच्या टोपीत कार्बनची टिकली असते, ती किंवा खालचा बोर्डावरचा संपर्क मळलेला आहे. रबराची पट्टी सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस न सोडणारं फडकं यांनी पुसली की बहुतेक वेळा काम होतं.

बिघडलेला सूर पट्ट्या बदलत फिरत असेल, एका फेरीत सा-वर, पुढच्यात मा-वर, आणि प्रत्येक वेळी सहाव्या दाबालाच, तर दोष व्हॉइसमध्ये आहे. इथे वाद्य स्वतः तुम्हाला मदत करतं. ते बंद करा, ‘की ट्रान्सपोझ’ (KEY TRANSPOSE) हे बटण दाबून धरा आणि तसंच धरून चालू करा. १०६ टेस्ट मोडमध्ये जातं. आता पट्टी दाबली की डिस्प्लेवर त्या वेळी वाजणाऱ्या व्हॉइसचा क्रमांक दिसतो. पट्ट्या दाबत जा आणि कुठला क्रमांक दुखतोय ते कागदावर लिहा. त्याचबरोबर बाकीचे पाच कसे वाजतात तेही लिहा. ही टिपण पुढे कामाला येते, कारण बऱ्याचदा दुसराही एखादा व्हॉइस किंचित मंद झालेला असतो आणि मोठ्या दोषाच्या गडबडीत तो निसटतो. बाहेर पडायला वाद्य बंद करून पुन्हा चालू करायचं, बस्स.

दुसरी तपासणी : फिल्टरला शीळ घालायला लावा

व्हॉइस कळला. आता त्याच्यातला कुठला भाग गेलाय ते शोधायचं. १०६ चा फिल्टर रेझोनन्स पूर्ण वर नेल्यावर स्वतःच वाजू लागतो, त्याला ऑसिलेटरची गरज उरत नाही. आपल्याला हेच हवं आहे.

डीसीओच्या सगळ्या लहरी बंद करा, सब (खालच्या सप्तकातला जोडसूर) आणि नॉइजचे (नुसत्या खरखरीचे) स्लायडर तळाला. रेझोनन्स पूर्ण वर, कटऑफ (फिल्टर किती उघडा ते ठरवणारा स्लायडर) मध्याच्या आसपास, फिल्टरचा कीबोर्ड स्लायडर पूर्ण वर, फिल्टरचं एन्व्हलप शून्य. पट्टी दाबली की स्वच्छ शिट्टी यायला हवी आणि ती पट्टीबरोबर वरखाली व्हायला हवी. सहाही व्हॉइस असे तपासा.

बिघडलेल्या व्हॉइसमध्ये शीळ नीट येत असेल आणि सॉ लावल्यावर मात्र तो मुका राहत असेल, तर फिल्टर आणि व्हीसीए जिवंत आहेत. लहर तयारच होत नाहीये किंवा तिथवर पोचत नाहीये. संशय एमसी५५३४ए वर किंवा तिला टायमरकडून येणाऱ्या ठोक्यावर घ्या. ही पायरी गाळून थेट ८००१७ए बदलणारे खूप आहेत. पैसे खर्च होतात आणि व्हॉइस मुकाच राहतो.

शीळच येत नसेल, किंवा पट्टी सोडली तरी ती शीळ मागे ऐकू येत राहत असेल, तर बोट ८००१७ए कडे जातं. शीळ येते पण इतर पाचांपेक्षा वेगळ्या उंचीवर आणि तिथे स्थिर, तर कदाचित चिप चांगली आहे आणि फक्त जुळणी बिघडली आहे. शीळ उड्या मारत असेल, तडतडत असेल, तर जुळणीने ते सुटणार नाही.

तिसरी तपासणी : शेजाऱ्याशी तुलना

इथून पुढे वाद्य उघडावं लागतं. ज्यांना वीजपुरवठ्याच्या उघड्या भागांशेजारी काम करायची सवय नाही, त्यांनी इथे थांबून जाणत्या माणसाकडे जावं. आतापर्यंतची टिपण बरोबर न्या. ‘व्हॉइस चार, शीळ नाही, गरम झाल्यावर जास्त’ एवढं सांगता आलं तरी मेकॅनिकचा अर्धा वेळ आणि तुमचे अर्धे पैसे वाचतात.

उघडण्याआधी पॅच जपून ठेवा. मागे टेपचे जॅक आहेत. सेव्ह करताना निघणारा आवाज कॉम्प्युटरवर कुठलंही कॉम्प्रेशन न लावता रेकॉर्ड करा आणि व्हेरिफाय करून तो वाद्य परत वाचतंय याची खात्री करा. आतली सीआर२०३२ बॅटरी जुनी असेल तर याच वेळी बदलून टाका. ती काढली की आठवण पुसली जाते, म्हणून पॅच जपायचं काम आधी.

सहा एकसारखी सर्किटं शेजारी असण्याचा इथे मोठा फायदा मिळतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टेजवर ठेवा. सर्व्हिस नोट्समधल्या (रोलँडच्या दुरुस्ती-पुस्तिकेतल्या) नकाशावरून चिपच्या ज्या पायावर कटऑफचं नियंत्रण व्होल्टेज येतं तो शोधा. बिघडलेल्या व्हॉइसवर ते मोजा, मग त्याच पायावर चांगल्या व्हॉइसवर मोजा. कटऑफचा स्लायडर हलवा आणि दोन्हीकडे सारखं बदलतं का बघा. हेच व्हीसीएच्या नियंत्रणाबाबत करा.

व्होल्टेज दोन्हीकडे सारखं असून एकाच व्हॉइसची शीळ येत नसेल तर बहुधा चिपच गेलेली आहे. बिघडलेल्या बाजूला व्होल्टेजच वेगळं असेल तर दोन शक्यता. १०६ मध्ये एकाच ठिकाणी तयार झालेली नियंत्रण व्होल्टेजं क्रमाक्रमाने सहाही व्हॉइसना वाटली जातात आणि प्रत्येकाजवळ एक छोटा कपॅसिटर ते व्होल्टेज पुढच्या वाटणीपर्यंत धरून ठेवतो. तो कपॅसिटर, त्याच्यामागचा ऑप-अ‍ॅम्प (व्होल्टेज पुढे पोचवणारी चिप) किंवा वाटणारा स्विच आयसी बिघडला असेल. नाहीतर चिपच आतून इतकी गळतेय की ती व्होल्टेज खाली ओढते. या दुसऱ्या शक्यतेमुळे व्होल्टेज वेगळं दिसलं म्हणून लगेच चिपला निर्दोष ठरवू नका. व्होल्टेजच्या वाटेवर उलटं जात जा आणि ते कुठपर्यंत शाबूत आहे ते बघा.

आता चिप काढायची

सगळ्यात धोक्याचा टप्पा हा. सहजासहजी न निघणारे बारीक पाय आणि जुना बोर्ड. घाईने ओढलं की भोकाभोवतीचं तांबं निघून येतं. प्रत्येक पायाला आधी थोडं नवं सोल्डर द्या, जुनं त्याने पटकन वितळतं, मग डिसोल्डर पंपाने ओढा. सगळे पाय मोकळे झाल्याची खात्री झाल्याशिवाय चिप हलवू नका. एका पायाला वेळ लागतोय तर तो थंड होऊ द्या आणि मग परत या.

आणि एकदा काढलीत की त्या जागी सॉकेटची पट्टी बसवा. चिप थेट बोर्डावर परत सोल्डर करू नका. हा माझा आग्रह आहे. त्या भोकांनी गरम सोल्डर पुन्हा पुन्हा सोसू नये. सॉकेट असलं की पुढे चिप काढणं, घालणं, दोन व्हॉइसच्या चिपांची अदलाबदल करून बघणं हे सगळं बिनधोक होतं. एका ओळीची सॉकेट पट्टी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत सहज मिळते. पायांमधलं अंतर मोजून घ्या आणि गोल छिद्रांची, चांगली पकड असलेलीच घ्या.

अ‍ॅसिटोन की नवी चिप

काढलेल्या चिपचं काय करायचं यावर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग काळा थर काढून टाकण्याचा. काचेच्या झाकणाच्या बाटलीत शुद्ध अ‍ॅसिटोन घेऊन त्यात चिप बुडवून ठेवायची. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात इतर तेलं आणि रंग असतात. एक ते तीन दिवसांत थर फुगून मऊ पडतो आणि साबणाच्या चोथ्यासारखा सुटतो. उरलेला लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, धातूचं काही लावू नका, कारण खाली मोहरीएवढे भाग आहेत. थर सुटत नसेल तर जोर करू नका, आणखी एक दिवस ठेवा. मग आयसोप्रोपिलने धुऊन पूर्ण वाळवा. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब करा. अ‍ॅसिटोन वाद्याच्या आसपासही आणू नका, त्याचा एक थेंब पट्टीवर किंवा स्लायडरच्या टोपीवर पडला तर प्लास्टिक कायमचं खराब होतं.

यातून बऱ्याच चिपा खरोखर जिवंत होतात. सगळ्या नाही. गळतीने किंवा ताणाने आतला जोडच तुटला असेल तर थर काढून उपयोग होत नाही.

दुसरा मार्ग नव्याने बनवलेली पर्यायी चिप घेण्याचा. मूळ ८००१७ए बनणं केव्हाच थांबलं आहे, पण छोटे उत्पादक त्याच मापाच्या, त्याच पायांच्या, उघड्या भागांच्या चिपा बनवतात. या चांगल्या चालतात. परदेशातून मागवल्यावर टपाल आणि सीमाशुल्क धरून भारतात त्या महाग पडतात, हा मोठा मुद्दा आहे. एक गोष्ट मात्र घेऊ नका : ‘जुनी पण कधीच न वापरलेली’ म्हणून विकली जाणारी मूळ चिप. तिच्यावर तोच थर आहे आणि तिचं वयही तेवढंच आहे.

माझं मत असं. एकच चिप गेली असेल आणि बाकीच्या पाच टेस्ट मोडमध्ये स्वच्छ वाजत असतील, तर त्या एकीलाच हात लावा. आधी अ‍ॅसिटोन, नाही उठली तर पर्यायी. दुसरीही गेली असेल किंवा जाण्याच्या खुणा दाखवत असेल, तर एकेक करत वर्षानुवर्षं वाद्य उघडत बसू नका. सहाही एकाच वेळी करा आणि सहाही जागी सॉकेट बसवा. अनेक जाणकार पहिल्या बिघाडालाच सहाही बदला म्हणतात. त्यांचा तर्क खोटा नाही, पण चांगल्या वाजणाऱ्या चिपा उपटताना बोर्डाला होणारी इजा मला जास्त भीतीची वाटते.

जुळणी

चिप बसली, व्हॉइस वाजला. तरी काम संपलं नाही. नवा किंवा उठवलेला व्हॉइस इतरांपेक्षा मोठा, दबका किंवा जास्त चमकदार लागेल. प्रत्येक व्हॉइसला स्वतःचे छोटे प्रीसेट (बोर्डावरचे फिरवायचे बारीक रोधक) आहेत आणि ते स्क्रू ड्रायव्हरने फिरवून जुळवायचे असतात. फिरवण्याआधी प्रत्येकाची मूळ स्थिती फोनवर फोटो काढून ठेवा. वाद्य किमान अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्या, मगच सुरुवात करा.

क्रम सर्व्हिस नोट्समधलाच पाळा. त्यातलं फिल्टरचं तत्त्व मात्र समजून घेण्यासारखं आहे. शीळ घालणारा फिल्टर दोन सप्तकं वरच्या पट्टीवर बरोबर चौपट वारंवारिता द्यायला हवा. एक प्रीसेट खालची पट्टी जुळवतो, दुसरा या दोहोंमधलं अंतर. एकाला हात लावला की दुसरा थोडा सरकतो, म्हणून आलटून पालटून दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. हर्ट्झ दाखवणारं फोनवरचं ट्यूनर अ‍ॅप याला पुरतं. त्यानंतर व्हीसीएची पातळी : सहाही व्हॉइसवर एकच पट्टी ऐकून, डोळे मिटून, कुठला व्हॉइस वाजतोय हे ओळखता येऊ नये इथपर्यंत.

फिल्टरच्या बाबतीत मात्र यंत्राच्या अचूकतेचा हट्ट धरू नका. डीसीओमुळे १०६ चे सहाही ऑसिलेटर सुरात पक्के असतात. धरलेल्या कॉर्डमध्ये जी हालचाल जाणवते, ती सहा फिल्टरांच्या अगदी किंचित वेगळ्या उघडझापीतून आणि त्यावर पसरणाऱ्या कोरसमधून येते. या वाद्याच्या आवाजातली ऊब मला तरी तिथेच सापडते. सर्व्हिस नोट्समधल्या मर्यादेत आलं की थांबा.

जुळणी झाल्यावर दोन-तीन तास वाद्य चालू ठेवा आणि मध्ये मध्ये टेस्ट मोडमधून फेरी मारा. गरम झाल्यावर बिघडणारा दोष थंड वाद्यात दिसत नाही. तीन तासांनंतरही सहाही क्रमांक स्वच्छ असतील तरच झाकण बंद करा.

हे दोष त्याच्यासारखे दिसतात, पण ते नव्हेत

कोरस लावल्यावर येणारी सूं-सूं हा बिघाड नाही. तिथले बीबीडी, म्हणजे आवाज किंचित उशिरा सोडणारे, आयसी थोडा आवाज करतातच, आणि तो कोरस बंद केल्यावर पूर्ण जातो. स्लायडर हलवताना खरखर येणं हे स्लायडरच्या मळाचं लक्षण. त्यात तेलकट स्प्रे मारू नका, काही महिन्यांनी धूळ चिकटून तो आणखी बिघडतो. चालू केल्यावर पॅच निरर्थक वाजत असतील तर बॅटरी. कॉर्डमध्ये सातवी पट्टी दाबल्यावर आधीचा एखादा सूर तुटणं हा दोषच नाही, वाद्याकडे व्हॉइसच सहा आहेत.

भारतात जुना १०६ घेणाऱ्यांसाठी एक वेगळी काळजी. जपानी बाजारातलं वाद्य १०० व्होल्टचं असतं. मागच्या पट्टीवर छापलेलं व्होल्टेज वाचल्याशिवाय ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घालू नका, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. घेण्याआधी विकणाऱ्यासमोरच टेस्ट मोडमध्ये सहाही क्रमांक ऐका, फक्त तीन-चार पट्ट्या वाजवून समाधान मानू नका. आणि ते वाद्य किमान अर्धा तास चालू राहू द्या. सहापैकी एखादा व्हॉइस गेलेला निघाला, तर तो किंमत कमी करण्याचा योग्य मुद्दा आहे. वाद्य सोडून देण्याचं कारण नाही.

हेच सगळं दोन भावंडांनाही लागू पडतं. घरगुती वापरासाठी स्पीकरसह आलेला एचएस-६० आणि रॅकमध्ये बसणारा एमकेएस-७. दोघांतही ८००१७ए आहे. एमकेएस-७ ला पट्ट्या नाहीत, म्हणून त्याची तपासणी मिडीवरून एकेक नोट पाठवून करावी लागते. दोष शोधण्याचा बाकी मार्ग तोच : आधी किती व्हॉइस बिघडलेत ते मोजा, मग शीळ ऐका, मग शेजारच्या चांगल्या व्हॉइसशी व्होल्टेज ताडून बघा.